हाली, कलदार आणि खडकू

डिसेंबर लागला की जालना जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचे कान एका आकड्याकडे लागतात. हा आकडा पैशांत असतो, पण ते पैसे कुणाच्या हातात पडत नाहीत. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन, जाफराबाद, बदनापूर आणि जालना या आठ तालुक्यांतल्या गावांची खरिपाची अंतिम पैसेवारी तेव्हा जाहीर होते. एखाद्या गावाची पैसेवारी सत्तेचाळीस आली, तर तिथलं पीक निम्म्याच्या खाली गेलं असं सरकारदरबारी धरलं जातं. त्रेपन्न आली तर गाव ठीक आहे असं समजतात. पन्नासच्या आतल्या गावांसाठी जमीन महसुलात सूट, पीककर्जाची फेररचना, मुलांच्या परीक्षा शुल्काची माफी अशा सवलतींची वाट मोकळी होते. त्यामागे बरीच मेहनत असते. आधी नजर पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापायचं, मळायचं, तोलायचं आणि गावाच्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून बघायचं. 2012-13 च्या दुष्काळात मराठवाडा होरपळला, त्यात जालना सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक होता. त्या वर्षी या दोन अंकी आकड्याला किती वजन होतं, हे इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

कागदावर 'पैसेवारी' असली तरी पारावर शब्द निघतो तो 'आणेवारी'. "औंदा आणेवारी किती लागली?" असंच विचारलं जातं. आणा व्यवहारातून जाऊन साठ वर्षांवर काळ लोटला. 1 एप्रिल 1957 रोजी भारताने दशमान नाणी आणली आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणा म्हणजे सव्वासहा पैसे, असा अवघड हिशेब काही काळ दुकानांतल्या पाट्यांवर लटकला आणि मग आणा संपला. तो आठवणीत उरला, पण नुसता आठवणीतही नाही. भावाभावांत शेत वाटताना 'चार आणे हिस्सा' म्हणतात. गुंठ्याचा सोळावा भाग म्हणजे आणा, हे प्लॉटच्या व्यवहारात आजही चालतं. साक्षीदाराचं बोलणं 'सोळा आणे खरं' असतं आणि नुसत्या बढाईखोराचं 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' होतं.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आणा हा नाणं होण्याच्या कितीतरी आधीपासून अपूर्णांक होता. कुठल्याही वस्तूचा सोळावा हिस्सा तो आणा. मग ती वस्तू रुपया असो, जमीन असो किंवा पीक. त्यामुळे टांकसाळीने आण्याचं नाणं पाडणं थांबवलं, तरी शब्दाला दुसरं काम आधीपासूनच होतं. दोन आण्यांच्या 'चवली'ला आणि चार आण्यांच्या 'पावली'ला असं काम मिळालं नाही. या शब्दांचा जीव त्या त्या नाण्यात होता. म्हणून आजच्या कॉलेजातल्या मुलाला 'चार आणे' कळतात, पण 'पावली' म्हटलं की तो पावलांकडे बघतो. आठ आण्यांची 'अधेली' तर आजीबरोबरच गेली.

जुन्या पैशांच्या नावांची ही सगळी गोष्ट अशी आहे. नाणी बंद होतात, नावं मात्र दुसरं काम शोधत हिंडतात. ज्यांना ते सापडतं ती टिकतात. आणि ही गोष्ट सांगायला जालन्यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

इम्पीरियल गॅझेटियरमध्ये जालन्याच्या नोंदीत एक ओळीची बाब आहे. अकबराच्या दरबारातून दूर झालेला अबुल फजल काही काळ इथे राहिला होता. हा तोच अबुल फजल, ज्याने 'आईन-ए-अकबरी'त मुघल साम्राज्याचा तपशीलवार हिशेब लिहून ठेवला. त्यातला टांकसाळीचा भाग मराठी माणसाने वाचला तर त्याला घरचीच माणसं भेटल्यासारखं वाटेल. अकबराचं मुख्य तांब्याचं नाणं होतं 'दाम', सुमारे 21 ग्रॅम वजनाचं. चाळीस दामांचा रुपया. अर्ध्या दामाला 'अधेला', पाव दामाला 'पावला' आणि दामाच्या आठव्या हिश्शाला 'दमडी'. अधेला आणि पावला पुढे रुपयाच्या हिशेबात शिरून अधेली-पावली झाले. दमडीला मात्र आपल्या बोलण्यात फार मोठी जागा मिळाली. 'दमडीचाही फायदा नाही', 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असं बोलताना ती साडेचारशे वर्षांपूर्वीची तांब्याची चकती आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

दाम हा शब्द तर त्याहून लांबून आला. ग्रीकांचं 'द्राख्मा' हे चांदीचं नाणं वायव्येकडून भारतात शिरलं, संस्कृतात 'द्रम्म' झालं आणि प्राकृतातून झिजत 'दाम' बनलं. आज 'दाम दुप्पट' म्हणताना आपण नकळत अथेन्सच्या बाजाराचा एक तुकडा उच्चारत असतो. पुढच्या काळात दाम इतका खाली घसरला की एका पैशात पंचवीस छोटे दाम मोजू लागले. त्यातले सहा म्हणजे 'छदाम', पैशाचा साधारण चौथा हिस्सा. 'माझ्याकडे छदामही नाही' ही तक्रार म्हणजे पाव पैसाही नसल्याची तक्रार.

दमडीच्याही खाली कवडी होती. समुद्रातली, मालदीवच्या बाजूची, बंगाल-ओडिशात नाण्यासारखी चाललेली. आपल्याकडे ती मुख्यतः 'कवडीमोल', 'फुटकी कवडी' आणि 'कवडीचुंबक' या शब्दांपुरती उरली; भराडी-गोंधळ्यांच्या माळा आणि सोंगट्यांचा पट वेगळा.

दामाचं एक टोक जालना जिल्ह्याच्या उत्तरेला, असईच्या माळावरही पोचतं. 23 सप्टेंबर 1803 रोजी कैलणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात मेजर जनरल आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसल्यांच्या फौजेशी लढाई केली आणि ती फार मोठी किंमत देऊन जिंकली. तीनच आठवडे आधी, 2 सप्टेंबरला, त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन याने जालन्याचा किल्ला घेतला होता. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, इंग्लंडचा पंतप्रधान झाला. या ड्यूकच्या तोंडी एक फटकळ वाक्प्रचार असे: अमुक गोष्टीची मला 'दोन पेनीच्या डॅम'इतकीही पर्वा नाही. 1849 सालच्या एका पत्रात मॅकॉलेने तो ड्यूकच्या नावावर वापरला आहे. पुढे 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला. त्यात त्यांनी सुचवलं की इंग्रजांचा हा 'डॅम' म्हणजे शिवी नसून आपला दाम असावा. फुटक्या पैशाचीही किंमत देत नाही, अशा अर्थाने.

ही कल्पना ऐकायला फार गोड आहे. दख्खनच्या मातीत लढलेला सेनापती दख्खनच्या बाजारातलं नाणं तोंडात घेऊन विलायतेला गेला, असं मानायला कुणाला आवडणार नाही? पण ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ती निराधार ठरवली आणि ते बरोबर आहेत. असईच्या लढाईच्या चाळीस वर्षं आधी, 1760 मध्ये, ऑलिव्हर गोल्डस्मिथने 'तीन डॅमची पर्वा नाही' अशा धर्तीचा प्रयोग केलेला आहे. गोल्डस्मिथ कधी हिंदुस्थानात आला नव्हता. तेव्हा ती शिवी आहे आणि शिवीच राहील. पैशाच्या शब्दांबाबत असं सारखं होतं. खरी व्युत्पत्ती कोरडी असते, खोटी रंगीत असते, आणि रंगीत गोष्ट लवकर पसरते.

लंडनच्या घोड्यांच्या शर्यतीत पंचवीस पौंडांना 'पोनी' म्हणजे तट्टू म्हणतात आणि पाचशेला 'मंकी' म्हणजे माकड. यालाही हिंदुस्थानातून नेलेली एक कथा चिकटवलेली आहे. म्हणे, हिंदुस्थानात पाचशे रुपयांच्या नोटेवर माकडाचं चित्र होतं, पंचवीसच्या नोटेवर तट्टाचं, आणि परतलेल्या शिपायांनी हे शब्द मायदेशी नेले. अशी नोट कधीच निघाली नाही. हिंदुस्थान सरकारच्या नोटा 1861 च्या कायद्यानंतर आल्या आणि त्यांवर ना माकड होतं ना तट्टू. शिवाय एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे दोन्ही शब्द लंडनमध्ये रुळलेले होते. ज्यांची कुळकथा पक्की आहे असे इंग्रजी शब्द थोडे. 'गिनी' त्यांतला एक. 1663 पासून हे सोन्याचं नाणं पाडलं गेलं, त्याचं सोनं पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्याचं, म्हणून गिनी. ती आपल्याकडे 'गिन्नी' होऊन आली आणि सराफकट्ट्यावर राहिली. इंग्रजांनी स्वतःचा पौंड दशमान केला तो 15 फेब्रुवारी 1971 रोजी, भारतानंतर चौदा वर्षांनी. तिथेही तेच झालं. शिलिंगला 'बॉब' म्हणत, सहा पेनीच्या नाण्याला 'टॅनर'. नाणी गेली तशी ही नावं म्हाताऱ्यांच्या तोंडी उरली. पौंड टिकला म्हणून त्याचा 'क्विड' टिकला.

आता पुन्हा जालन्याला यावं, कारण इथे एक गोष्ट घडत होती जी पुण्या-मुंबईत घडत नव्हती. इथे दोन रुपये होते.

जालना निजामाच्या राज्यात होतं. पण शहरापासून तीसेक किलोमीटरच्या आत देऊळगावराजा लागतं आणि ते वऱ्हाडात होतं. वऱ्हाडचा कारभार 1853 पासून इंग्रजांच्या हाती. म्हणजे सकाळी बैलगाडी जुंपून निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत एका चलनातून दुसऱ्या चलनात जात असे. मधे करोडगिरीचा नाका. निजामाच्या जकात खात्याचं हे नावसुद्धा पैशाच्याच इतिहासातलं आहे. अकबराने 1574-75 च्या सुमारास एक कोटीच्या वसुलीचे मुलुख पाडून त्यांवर अधिकारी नेमले, त्यांना लोक 'करोडी' म्हणू लागले आणि करोडीची कामगिरी ती करोडगिरी.

निजामी रुपयाला 'हाली' म्हणत, इंग्रजी रुपयाला 'कलदार'. हे दोन शब्द मराठवाड्यातल्या जुन्या पिढीने ज्या सहजतेने वापरले, त्या सहजतेने आपण आज रुपये आणि डॉलर म्हणत नाही. 1857 च्या उठावानंतर दिल्लीच्या बादशहाचं नाव नाण्यांवरून उतरलं, निजामाच्या घराण्याचं नाव आलं आणि 'हाली सिक्का' सुरू झाला. हाली म्हणजे चालू, आत्ताचा. अरबी 'हाल'वरून आलेला. आपण रोज जो 'हल्ली' शब्द वापरतो, त्याचीही मुळी तीच. 'कलदार'मधली 'कल' म्हणजे यंत्र, कळ. हातोड्याने ठोकलेल्या ओबडधोबड नाण्यांच्या जगात कंपनी सरकारचा यंत्रावर पाडलेला, कडा सारख्या असलेला रुपया आला तेव्हा लोकांनी त्याला दिलेलं हे नाव. कोण राजा, कुठलं सरकार, याकडे बाजाराने बघितलं नाही. नाणं कसं बनलंय तेवढं बघितलं आणि नाव ठेवलं. पुढे निजामाच्या टांकसाळीतही यंत्रं आली, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हालीवर चारमिनार आला, तरी कलदार म्हणजे इंग्रजी रुपया हा अर्थ काही हलला नाही.

दोन्ही रुपयांचा भाव सारखा नव्हता. शंभर कलदारांना एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली, असा सरकारी दर. बाजारात हे लांबलचक गणित कोण करणार? सात हाली म्हणजे सहा कलदार, एवढं लक्षात ठेवलं की झालं. हा दर आला कुठून, हे चांदीत दिसतं. कलदार 11.66 ग्रॅमचा आणि त्यात हजारी 917 भाग चांदी. हाली सुमारे 11.18 ग्रॅमचा आणि चांदी हजारी 818. दोन्हींतली निव्वळ चांदी काढून भागाकार केला तर उत्तर सातास सहा, याच्या अगदी जवळ येतं. टांकसाळीच्या विद्येला आणि बाजारातल्या पोतदाराच्या डोळ्याला एकाच उत्तरावर येताना बघणं हा मोठा आनंद आहे.

पोतदार म्हणजे गावचा नाणीपारखी. महसुलाच्या भरण्यात आलेलं नाणं खरं की खोटं, झिजलेलं की पुरं, हे तो बोटांनी आणि कानांनी ठरवी. दगडावर टाकून वाजवायचं. खणखणलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं. मराठीतला बराचसा माणसांचा न्यायनिवाडा या एका कृतीतून निघाला आहे. माणूस 'खणखणीत' असतो, त्याचं नाणं 'खरं' असतं, वकील 'नाणावलेला' असतो, सोयरीक 'वाजवून घेतात'. नाणं झिजलेलं किंवा परक्या मुलखाचं निघालं की सराफ त्यातून काही कापून घेई, तो 'बट्टा'. हालीला कलदार करताना बट्टा, दूरगावची हुंडी वटवताना बट्टा. तोच पुढे घराण्याच्या नावाला लागू लागला. अब्रूची तुलना चांदीशी करायची आणि तिच्यातली घट सराफाच्या भाषेत सांगायची, ही या भाषेची रीत जुनी दिसते.

रुपया सबंध असला की तो 'बंदा'. मोडला की 'मोड', 'सुट्टे', 'चिल्लर' किंवा 'खुर्दा'. चिल्लर हा शब्द तेलुगू-कानडी मुलखातही याच अर्थाने चालतो. खुर्दा फारसीतला, बारीक तुकडा या अर्थाचा. म्हणून लढाईत सैन्याचाही खुर्दा उडतो. बंदा रुपया तांब्या-पितळेच्या राशीत उठून दिसे, म्हणून सरळ आणि भरवशाच्या माणसाला बंदा रुपया म्हणतात, आणि सासुरवाशिणीच्या कपाळावरचं ठसठशीत कुंकू बंद्या रुपयाएवढं असतं. इंग्रजी अमलात तोळासुद्धा रुपयाच्याच वजनाचा ठरला. सराफाने काट्यात 'रुपयाभर' सोनं टाकलं की समोरच्याला 11.66 ग्रॅम कळत नसे; रुपया कळे.

दोन पैशांच्या जाडजूड तांब्याच्या नाण्याला 'ढब्बू' म्हणत. पोरांना तो हातात धरायला फार आवडे, असं जुनी माणसं सांगतात. पुढे जाड्या मुलाला ढब्बू आणि फुगलेल्या मिरचीला ढब्बू मिरची. 'अडका' हेही एक हलकं नाणं होतं. ते आज एकटं कुठेच जात नाही, 'पैसाअडका' म्हणून पैशाच्या शेपटीला धरून चालतं. आणि 'खडकू'? ते कुठलंच नाणं नव्हे. खिशात नाणी वाजतात त्या आवाजाचं नाव आहे. 'खिशात खडकू नाही' म्हणणाऱ्याचा खिसा मुका असतो.

एवढ्या सगळ्या नावांतून व्यापाऱ्याने अजून एक वेगळी बोली उभारली, गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. तिला 'नंदभाषा' म्हणत. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात तिची नोंद करून ठेवली म्हणून ती आज आपल्याला माहीत आहे. हा कोश 1831 मध्ये आला, त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 मध्ये. नंदभाषेत एक म्हणजे केवली, दोन अवारू, तीन उधानू, चार पोकू, पाच मुळू, सहा शेली, सात पवित्र, आठ मंगी, नऊ तेवसू आणि दहा अंगुळू. रुपयाला म्हणायचं भुरका. कापडाच्या गादीवर शेटजी आणि मुनीम गिऱ्हाइकाच्या देखत बोलत राहत, आणि 'मुळू भुरके' हे शब्द ऐकून गिऱ्हाइकाला कळत नसे की आपल्यासमोर पाच रुपयांवर सौदा ठरतोय.

इंग्रजी पोनी आणि मंकीशी तुलना करायची तर नंदभाषेशी करावी. दोन्ही धंद्याच्या बोली, दोन्ही बाहेरच्याला बाहेर ठेवणाऱ्या. फरक एवढाच की शर्यतीच्या मैदानावरचे शब्द वर्तमानपत्रांनी आणि सिनेमांनी घरोघर नेले. नंदभाषा गादीवरच राहिली आणि छापील भाव आल्यावर तिची गरज उरली नाही. मराठी माणसाच्या तोंडून ती इतकी पूर्ण पुसली गेली, याचं वाईट वाटतं. सातला 'पवित्र' म्हणणाऱ्या व्यापाऱ्याच्या मनात काय होतं, हे जाणून घ्यायला हवं होतं.

जनावरांच्या बाजारातली तिची बहीण मात्र शब्दांशिवाय जगली. जालन्याचा बैलबाजार जुना आणि मोठा. इथे हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि गिऱ्हाईक एकमेकांचा हात रुमालाखाली किंवा धोतराच्या सोग्याखाली धरतात आणि बोटं दाबून भाव सांगतात. किती बोटं, ते दोघांना कळतं. शेकडे की हजार, हे बैलाकडे बघून कळतं. तोंडाने मात्र चालू असतं बैलाच्या खुरांचं, दातांचं आणि पावसाचं बोलणं. भोवती दहा माणसं उभी असतात आणि एकालाही आकडा कळत नाही.

या लपवाछपवीचा वारसा मुंबईने पुढे नेला. 'पेटी' म्हणजे लाख आणि 'खोका' म्हणजे कोटी. खंडणीच्या फोनवर आकडा उघड बोलू नये म्हणून आलेले हे शब्द आधी पोलिसांच्या कागदांत गेले, मग हिंदी सिनेमात, आणि 2022 मध्ये तर महाराष्ट्राच्या राजकारणात घोषणा होऊन विधानभवनाच्या पायऱ्यांवर पोचले. पेटी आणि खोका यांत एक नवी गोष्ट दिसते. दमडी, ढब्बू, अधेली ही नाण्यांची नावं होती. ही पैसा ज्यात भरतात त्या भांड्याची नावं आहेत. नोटांची गड्डी हातात मावत नाही, तेव्हा भाषा हात सोडून खोक्याकडे वळते.

सोन्याच्या नाण्यांची नावं मात्र वेगळीकडे गेली. ती गळ्यात गेली. पुतळ्यांची माळ मराठवाड्यातल्या जुन्या घरांत आजही आईकडून लेकीकडे जाते. पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसची मोहर. 1284 पासून 1797 पर्यंत, पाच शतकांहून जास्त काळ व्हेनिसने हे सोन्याचं नाणं जवळजवळ एकाच छापाचं आणि एकाच शुद्धतेचं पाडलं. एका बाजूला संत मार्कसमोर गुडघे टेकून बसलेला व्हेनिसचा ड्यूक, दुसऱ्या बाजूला येशू. तांबड्या समुद्राच्या आणि आखाताच्या व्यापारातून ती दख्खनमध्ये आली. इथल्या सोनाराला ना संत मार्क माहीत होता ना व्हेनिस. त्याला चकतीवर लहान लहान माणसं दिसली, पुतळ्या दिसल्या. पुढे इथल्याच सोनारांनी तशा पुतळ्या घडवल्या, छाप बदलला, देव बदलले, नाव तेच राहिलं.

जालन्याच्या लोकांना चलनबदल एकदा नव्हे, दोनदा सोसावा लागला, आणि तोही दहा वर्षांच्या आत. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं. 1950 पासून भारतीय रुपया इथला अधिकृत पैसा झाला आणि पुढच्या काही वर्षांत हाली टप्प्याटप्प्याने मागे घेतला गेला. हालीच्या नोटाही होत्या, 1918 पासूनच्या. पहिल्या महायुद्धात चांदी महागली तेव्हा काढलेल्या. त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू आणि कानडीतही रक्कम छापलेली असे. सगळ्यांनी आपली सवय सातास सहाच्या दराने बदलून घेतली, तोवर 1957 आलं आणि आण्याचं पैशांत रूपांतर करायची वेळ आली. ज्या बाईने लहानपणी हालीत बाजार केला, लग्नानंतर कलदारात संसार केला आणि पुढे नव्या पैशांत भाजी घेतली, तिच्या तोंडी तिन्ही हिशेबांचे शब्द एकाच वाक्यात येत. सव्वा रुपया दक्षिणेला, चार आणे पोराला खाऊला, आणि 'त्या काळी हालीत एकर इतक्याला होतं' ही आठवण. 30 जून 2011 नंतर पंचवीस पैशांचं नाणंही बंद झालं. सरकारच्या दृष्टीने तो चार आण्यांचा शेवट होता. जालन्याच्या बाजारात 'चार आण्याचं काम केलं अन् बारा आण्याचं सांगत बसला' हे वाक्य दुसऱ्या दिवशीही तसंच बोललं गेलं असणार.

दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या पाटावर जुने चांदीचे रुपये धुऊन-पुसून मांडायची रीत या भागातल्या बऱ्याच घरांत आहे. कुठे त्यात राणी व्हिक्टोरिया असते, कुठे पंचम जॉर्ज, आणि शेजारी चारमिनार. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक छोटं उर्दू अक्षर आहे. 'मीम' असेल तर नाणं सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या काळातलं, 'ऐन' असेल तर सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या. घरातल्या लहानांना ते वाचता येत नाही. मोठी माणसं राणीचा रुपया आणि चारमिनारचा रुपया दोन तळहातांवर ठेवून त्यांना विचारतात, कुठला जड? मुलं बहुतेक वेळा बरोबर हात पुढे करतात.